शालनच्या कोंबड्यांना तहान लागेना

आमच्या शालनच्या अठराशे कोंबड्यांना ऐन उन्हाळ्यात तहान लागली नाही, याला मी जबाबदार आहे, असं आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. मत माझंही विचारलं होतं. मी विरोधात दिलं. ते मोजलं नाही.

शालन माझी धाकटी बहीण. कागलच्या अलीकडं, हायवे सोडून आत, त्यांचा मळा आहे. तिथं तिनं आणि दाजींनी अंड्याच्या कोंबड्यांची शेड टाकली. दाजी ऊस बघतात, कोंबड्या शालन बघते. बघते म्हणजे किती? एकदा तिच्याशी फोनवर बोलताना मागून कॉक्‌ असा आवाज आला, तर म्हणाली, "थांब दादा, तिसऱ्या रांगेतली हाय. तिला काय तर होतंय." आम्ही शिवाजी पेठेत राहतो. आमच्या खिडकीखाली फुटबॉलच्या मॅचनंतर अख्खी गल्ली ओरडत असते, तरी मला सख्खा मुलगा आवाजावरून ओळखू येत नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या एका शेडमध्ये मानमोडी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडी मान पिरगाळून आभाळाकडं बघत बसते, अंडं बंद होतं, आणि रोग एकदा पसरला की शेड रिकामी व्हायला वेळ लागत नाही. विषाणूचा रोग, त्यामुळे औषध नाही. आधी लस टोचा नाहीतर पाजा, एवढाच इलाज. शालनच्या कोंबड्यांना लस पाजायची वेळ आलेलीच होती. आणि नेमके दाजी ट्रॅक्टरवरून उतरताना पाय मोडून, प्लास्टर घालून, सोप्यात खाटेवर!

शालनचा फोन आला. शालन रडत नाही. पण त्या दिवशी तिचा आवाज बारीक होता.

"दादा, ओढ्यापलीकडं सगळी शेड बसली रं. माझ्या कोंबड्या वाचल्या पायजेत. लस घिऊन ये. बर्फात आण."

आता मी एका पतसंस्थेत हिशेब तपासायला आहे. नियम वाचायचा, नियमाप्रमाणं झालं की नाही ते बघायचं, आणि झालं नसेल तर कुणामुळं झालं नाही ते शोधायचं, हे माझं आयुष्य. म्हटलं, लस पाजणं यापेक्षा वेगळं काय असणार?

दुकानात गेलो.

"एका कुपीत हजार डोस," दुकानदार म्हणाला.

"कोंबड्या अठराशे आहेत."

"मग दोन कुप्या."

"दोनशे डोस जादा होतात."

"हू देत की."

"त्यांचं काय करायचं?"

दुकानदारानं पहिल्यांदाच मान वर केली. "घरात माणसं किती हाईत?"

मागं उभं असलेलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मी हसलो नाही. जादा दोनशे डोस ही हसण्याची गोष्ट नव्हे!

मग त्यानं पाजायची पद्धत सांगितली. पहाटेपासून कोंबड्यांचं पाणी बंद ठेवायचं. त्या चांगल्या तहानल्या की मोजून घेतलेल्या पाण्यात थोडी दूध पावडर घालायची, लस मिसळायची, आणि सगळ्यांना एकदम सोडायचं. पाण्यात ब्लीचिंगचा अंशही नको, नाहीतर लस मरते. दोन तासांत पाणी संपलं पाहिजे, नाहीतर तेव्हाही लस मरतेच. शेवटी त्यानं एक निळी गोळी दिली. "ही पाण्यात टाका. पाणी निळं हुतंय. जी कोंबडी पेली तिची जीभ निळी. जीभ बघायची, म्हंजे कोण पेलं आन कोण न्हाय ते कळतंय."

मी हरखलोच! असा चोख पुरावा मला नोकरीत आजवर एकाही मॅनेजरनं दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीनं निघालो. मी, बायको सुरेखा आणि मागच्या सीटवर आई. (आईला कुणी बोलावलं नव्हतं. पण लेकीकडं गाडी निघालेली असताना आई घरी राहिली, असं आमच्याकडं घडलेलं नाही.) लशीचा डबा सुरेखाच्या मांडीवर. मी कावळा नाक्यापासून दर थोड्या वेळानं गाडी बाजूला घेऊन डब्यात बर्फ आहे का ते बघत होतो.

"आवं, सारखं टोपण उघडल्यावर वितळणारच की!" सुरेखा म्हणाली.

"उघडल्याशिवाय वितळलाय का कळणार कसं?"

तिनं डबा मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला, आणि गियर कसा टाकायचा हा प्रश्न माझ्यावर सोपवला.

बर्फ खरंच वितळत आला होता. रस्त्याकडंला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं. मी पळत गेलो.

"बर्फ द्या."

"पावणं, बर्फ रसात असतोय."

"नुसता बर्फ हवाय. पैसे घ्या."

"नुसता बर्फ दिला तर रसात काय घालू? रस घ्या, बर्फ जादा टाकतो."

असा ग्लासामागं थोडा थोडा बर्फ जमवत मी चार ग्लास रस प्यालो. आई आणि सुरेखानं एकेक घेतला. मळ्यात पोचलो तेव्हा लस गारठलेली होती आणि माझ्या पोटात कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला होता. तहान म्हणजे काय, हे त्या दिवशी मला सोडून सगळ्या जगाला ठाऊक असावं.

मी फोनवर सांगितल्याप्रमाणं शालननं पहाटेपासून पाणी बंद ठेवलं होतं. शेडमध्ये पिंजऱ्यांच्या चार रांगा, रांगेच्या दोन्ही अंगांना पाण्याची पन्हळ. टाकीचा कॉक सोडला की पाणी पन्हळीतून वाहत जातं आणि कोंबड्या चोच खाली घालून पितात. मी दारात उभा राहून हुकूम सोडले. शेडमध्ये कुणी पाऊल टाकायचं नाही. रोग पायतणातून येतो. सकाळचं खाद्य टाकायलाही आत जायचं नाही. जे काय ते लशीनंतर. अंडी न्यायला रफिकभाईंचा टेम्पो आला होता, तो मी झाडाखालीच अडवला.

"पावणं, मी ह्या शेडवर पैल्यापासनं येतोय," रफिकभाई म्हणाले.

"आज नाही."

मग मी आईकडं वळलो. "आन आई, तू तर अजिबात तिकडं जायचं नाहीस."

"का रं?" आई म्हणाली.

"नाही म्हणजे नाही!"

कोंबड्या तहानलेल्या हव्यात, म्हणजे लशीचं पाणी त्या एका दमात पितील. एवढं एकच वाक्य होतं. ते बोलायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ मी 'नाही म्हणजे नाही' हे हातवारे करून सांगण्यात घालवला. घरातल्यांनी पुढं माझ्यावर जो ठपका ठेवला, तो इथंच.

मी सोप्यात जाऊन मोजमापाला बसलो. पाणी किती, पावडर किती. दाजी खाटेवरून म्हणाले, "पावणं, मी मुठीनं टाकतो."

"मूठ कुणाची? माझी की तुमची?"

दाजी भिंतीकडं तोंड करून झोपले. मी शालनचा काटा मागवला. काटा बरोबर आहे का बघायला साखरेचा सीलबंद पुडा ठेवून बघितला. पुडा कमी भरला. मग काटा चुकीचा की पुडा, हे ठरवायला दुसरा पुडा. शालन आणि सुरेखा आत पुडे धुंडाळत होत्या.

इकडं आई शेडच्या जाळीबाहेर आंब्याखाली खुर्ची टाकून बसली होती. पुढचं मला नंतर कळलं, पण ते इथंच सांगितलं पाहिजे.

समोर अठराशे कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या आणि आईकडं बघत होत्या. आमच्या आईचं एक आहे. दारात वैरी जरी आला तरी आधी तांब्या, मग भांडण. घरपट्टीची नोटीस घेऊन आलेल्या माणसालासुद्धा तिनं पाणी आणि गूळ दिल्यावरच "आता बोल, काय म्हणणं हाय तुझं?" असं विचारलेलं मी ऐकलेलं आहे.

"रफिक, ही जनावरं तहानल्यात रं," आई म्हणाली.

"मावशी, पाणी बंद केलंय तुमच्या पोरानं."

"त्यो तसलाच हाय! घरात टाकीवर पेन्सिलीनं रेघा मारून ठिवतोय, कुणी किती पाणी सांडलं म्हणून. पर मुक्या जनावराच्या पाण्यात काटकसर? ही हद्द झाली!"

"पर आत जायचं न्हाय म्हणालेत."

"आत कोण जातंय?"

पन्हळींची टोकं धुण्यासाठी जाळीबाहेर काढलेली असतात. आईनं बाजूच्या हौदातून तांब्या भरला आणि पहिल्या टोकात ओतला. रफिकभाईंना ते बघवलं नाही. म्हणजे पाणी ओतणं नव्हे, तांब्यानं ओतणं.

"आवं मावशी, ह्या हिशेबानं संध्याकाळ हुईल. सरका. पाइप लावतो."

आणि हौदाच्या मोटरला पाइप लावून दोघांनी एकेक पन्हळ भरून दिली. कोंबड्या तुटून पडल्या. पोट भरून पाणी पाजून झालं तेव्हा उरलेलं पाणी आईनं उताराच्या टोकानं नारळाच्या आळ्यात लावून दिलं. (वाया काही जाऊ द्यायचं नाही, हे मात्र तिनं माझ्याकडूनच उचललं असणार.) रफिकभाई टेम्पोतले ट्रे लावायला गेले. आई पुन्हा खुर्चीत. तिच्या नियमाप्रमाणं सगळं यथासांग झालं होतं.

मी निळं पाणी घेऊन आलो. कुप्या फोडल्या, ढवळलं, टाकीत ओतलं. शालन पदर दातात धरून शेजारी उभी. कॉक सोडला. आठही पन्हळींतून निळंशार पाणी सुळसुळत गेलं. तहानलेल्या कोंबड्या आता कशा झडप घालतील, या विचारानं मी एक पाऊल मागं सरलो.

एकही चोच खाली आली नाही.

सोप्याच्या खिडकीतून दाजी ओरडले, "पावणं, सुटलं का पाणी?"

"सुटलं!"

"मग आवाज का येईना? भांडत्यात का न्हाय?"

"न्हाय!"

"मग काय करत्यात?"

मी नीट बघितलं. "बघत्यात."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं!"

शालनचा चेहरा उतरला. "दादा, आजारी कोंबडी पाणी सोडती. लागला का रं रोग?" आणि ती धावत रांगांतून जाऊन एकेकीची मान सरळ आहे का बघायला लागली. दोन तासांतली मिनिटं चालली होती. मी टाळ्या वाजवल्या. "पी! पी की गं!" म्हणून पुढच्या रांगेला विनवलं. एकीनं माझ्याकडं पाठ केली.

"पाण्यात काय तर हाय," मी म्हणालो. "शालन, टाकीत ब्लीचिंग टाकलंतंस?"

"न्हाय."

"नक्की?"

"न्हाय म्हणाली न्हवं!"

पण तोंडी खुलाशावर विश्वास ठेवायचा नाही, ही माझी तीस वर्षांची शिस्त. ब्लीचिंग असेल तर वास येईल. वास आला नाही. चव लागेल. मी पन्हळीत बोट बुडवून जिभेला लावलं. दुधाळ लागलं. पण एका ठिकाणच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत! मी प्रत्येक पन्हळीचा सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असा नमुना घ्यायचं ठरवलं. आठ त्रिक चोवीस. बोटानं अंदाज येईना म्हणून पुढं ओंजळीनं घेतला. शिस्तीत काम करणाऱ्या माणसाला मध्ये थांबून आपण काय करतोय याचा विचार करायची सवय नसते, आणि मला तर मुळीच नाही.

"आवं, काय करताय?" सुरेखा जाळीबाहेरून किंचाळली.

"तपासतोय!"

"कोंबड्या पिईनात म्हणून तुमी पिताय व्हय?"

त्या आवाजानं आई उठून आली. "काय झालं गं?"

"आई, कोंबड्या पाणी पिईनात," शालन रडवेली होऊन म्हणाली. शालन रडवेली! मी हात तसेच ओले धरून उभा.

"कशा पितील?" आई म्हणाली. "आत्ता तर पोटभर पाजलं की मी. रफिकनं पाइप लावून दिला. आत पाऊल टाकलं न्हाय बरं का! तू म्हणालास, म्हणून भाईरनंच."

मग खिडकीतून खो-खो हसण्याचा आवाज आला. दाजी प्लास्टरचा पाय खाटेवर आपटून हसत होते. मध्येच "आई गं!" म्हणत होते, कारण पाय दुखत होता, आणि पुन्हा हसत होते.

"आई! लस पाण्यातनं जाते! तहान लागावी म्हणून बंद ठेवलंतं!"

"मग तसं सांगायचं न्हवं का तोंडानं? 'न्हाय म्हणजे न्हाय' म्हणून काय सांगितलंस?"

"आता काय करायचं?" शालन म्हणाली. "दादा, लस मरंल की रं!"

मी हिशेब करू लागलो. कोंबडी पाणी किती पिते, ते जिरायला किती वेळ, दोन तासांतले किती गेले... उत्तर दर वेळी वेगळं यायला लागलं. तेवढ्यात आईनं विचारलं, "ह्यांचं जेवण झालंय का?"

"नाही. मीच आत जायला बंदी..."

"उपाशी ठिवलंस, आन वर पी म्हणून टाळ्या वाजवतोस? तू स्वतः जेवताना दर दोन घासाला तांब्या उचलतोस. कोरडं कोरडं खाऊ घाल की त्यास्नी!"

माझी बंदी मीच मोडली. शालन, सुरेखा, रफिकभाई (पायतण झाडाखाली काढून, माझ्याकडं एक नजर टाकून) आणि मी, चौघं खाद्याच्या बादल्या घेऊन रांगांतून पळालो. दाजी खिडकीतून ओरडत होते, "कोपऱ्यापत्तोर टाका! मधल्या रांगंला हात सैल सोडा!" कोंबड्या सकाळपासून उपाशी. कोरड्या भरड्यावर टकाटक चोची पडायला लागल्या. आम्ही चौघं घामानं निथळत, बादल्या छातीशी धरून, चोचींकडं बघत उभे. लग्नात पंगतीला वाढून झाल्यावर यजमान उभा राहतो ना, तसे.

आणि मग तिसऱ्या रांगेतली एक कोंबडी थांबली. तिनं चोच पुसली. मान वर केली, इकडंतिकडं बघितलं, आणि खाली वाकून निळं पाणी प्याली.

"पेली! पेली!" शालन ओरडली. "तीच हाय ती, फोनवरची!"

शेजारणीनं बघितलं. ती प्याली. मग तिच्या शेजारणीनं. थोड्या वेळात सगळ्या पन्हळींवर अशी झोंबाझोंबी सुरू झाली की दाजी खिडकीतून म्हणाले, "हां, हा आवाज!" पाणी वेळेच्या आत संपलं. शालन मटकन खाली बसली, आणि पदरानं तोंड पुसताना थोडी रडली. ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग जिभा तपासायच्या. शालन कोंबडी धरायची, चोच उघडायची, मी वाकून बघायचो. निळी. पुढची निळी. मी कोपऱ्यातल्या, मधल्या, सगळीकडच्या बघितल्या. "निळी! ही पण निळी! ही बघ गं, केवढी निळी!" मी उत्साहानं सुरेखाकडं वळलो.

सुरेखा माझ्याकडं टक लावून बघत होती.

"आवं," ती हळूच म्हणाली, "जरा जीभ काढा."

काढली. रफिकभाईंच्या हातातला अंड्यांचा ट्रे खाली ठेवला गेला (टाकला नाही, हे त्यांचे उपकार). आईनं चष्मा वर सरकवला.

"शालन," आई म्हणाली, "तुझ्या सगळ्या कोंबड्यांत हा जास्त पेलाय."

मी लगेच दुकानदाराला फोन लावला. "लस माणसानं प्यायली तर?"

पलीकडून प्रश्न आला, "किती?"

"नमुन्यापुरती. चोवीस नमुने."

फोन हातानं झाकल्याचा आवाज आला. मागं पुन्हा तसलंच फिस्सकन हसणं. मग तो म्हणाला, "माणसाला मानमोडी हुत न्हाय. हात साबणानं धुवा, तसले हात डोळ्याला लावू नका. डोळे लाल झाले तर डॉक्टरला दाखवा." आणि वर, "जादा दोनशे डोसांचं काम झालं म्हणायचं!"

तो सबंध दिवस मी दर थोड्या वेळानं मान डावीकडं उजवीकडं फिरवून बघत होतो.

"कशाला बघताय?" सुरेखा म्हणाली. "लग्नापासनं वाकडीच हाय. नवीन काय वाकणार?"

शालनच्या शेडमध्ये मानमोडी आली नाही. अंडी एक दिवसही कमी झाली नाहीत. दाजींचं प्लास्टर निघालं. आता आईला शालनकडं नेलं की ती शेडच्या दारात उभी राहून आधी विचारते, "आज पाजायचं का न पाजायचं? कारण सांगून बोला!" सगळं सुरळीत झालं, आणि मी हा विषय मिटला असं समजून चाललो होतो.

परवा दाजींचा फोन आला. आवाज अगदी गंभीर.

"पावणं, लशीचा पुढचा डोस आलाय. कोंबड्यांचं आमी बघतो, पाय बरा हाय. तुमचा तेवढा चुकवू नका."

मागं शालन आणि तिच्या सगळ्या कोंबड्या हसत असल्याचा आवाज येत होता. असल्या चेष्टेला दोन शब्द सुनवावेत, म्हणून मी घसा साफ केला.

आणि तोंडून निघालं, "कितव्या तारखेला?"